वळणदार आकडे

आमच्या कॉलेजात दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू लावत, आणि उरलेलं वर्षभर विद्यार्थ्यांना त्याच्या आसपास फिरकू देत नसत. अंधेरीला, कारखान्यांच्या मधोमध असलेलं ते इंजिनिअरिंग कॉलेज. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, म्हणून तिथे प्राध्यापक मंडळी दुपारी वर्तमानपत्र वाचायला बसायची. आम्ही बाहेर चपला काढून, प्रोग्रॅमचा कागद हातात धरून, आपली पाळी येईल म्हणून उभे. मला या गोष्टीचा तेव्हाही संताप यायचा आणि आज आठवलं तरी येतो. फी आमच्याकडून घेत होते आणि गारवा स्वतः खात होते.

म्हणून शेवटच्या वर्षाला असताना आम्हाला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी वर्गात विचारलं, की संशोधनात मदत करायला कुणी तयार आहे का, तेव्हा मी सगळ्यात आधी हात वर केला. संशोधनाचं मला काही कौतुक नव्हतं. मला त्या खोलीत बसायचं होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालेल. मुली न कंटाळता काम करतात." वर्गातली पोरं हसली. मी मनात म्हटलं, हसा लेको, खुर्ची तर मिळाली.

सरांची पीएचडी बरीच वर्षं रखडली होती. विषय मात्र खरोखर सुंदर होता, हे मी रागातसुद्धा कबूल करते. लोक पाकिटावर हातानं पिनकोड लिहितात. ते मराठी आकडे मशीनला वाचता आले, तर टपाल आपोआप वेगळं करता येईल. त्यासाठी मशीनला आधी खूप माणसांच्या हातचे आकडे दाखवायचे. शून्य ते नऊ, प्रत्येकाचे वेगळे. कुणाचा पाच पोट सुटलेला, कुणाचा नऊ मागे झुकलेला. हे सगळं पाहून मशीननं स्वतःच ठरवायचं, की पाच म्हणजे साधारण काय असतं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पुस्तकातली गणितं सोडवण्यात सगळं वय गेलेलं. ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही असा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला होता.

कामाची पद्धत मात्र हमालीची होती. चौकटी छापलेला एकेक कागद माणसाला द्यायचा, त्यानं प्रत्येक चौकटीत एक आकडा लिहायचा. मग त्यावर आलेखाचा पातळ कागद ठेवून, शाई आहे ते घर काळं करायचं, नाही ते कोरं सोडायचं, आणि कॉम्प्युटरवर काळ्याला एक, कोऱ्याला शून्य असं टाइप करत सुटायचं. घरं काळी करायचं काम आमच्या घरी आई करायची. संध्याकाळी पोळ्या आटपल्या की पदराला हात पुसून बसायची. रांगोळीच्या ठिपक्यांपेक्षा हे सोपं आहे, म्हणायची.

पहिला गठ्ठा मी कॉलेजच्या आजूबाजूला गोळा केला. वर्गातली मुलं, कँटीनवाला, शेजारच्या कारखान्यातले कामगार, बसस्टॉपवरची माणसं. प्रत्येकासमोर उभी राहून लिहून घेतलं. निम्म्याअधिक लोकांनी काय करावं? पहिल्या चौकटीत 'श्री' लिहिलं. कोरा कागद हातात आला की आपला माणूस आधी श्री लिहितो, त्याला तो तरी काय करणार. पण मशीनला शून्याच्या जागी श्री दिसला आणि त्याची मती गुंग झाली. सर माझ्यावर खेकसले, "अगं, हा डेटा आहे, सत्यनारायणाची पूजा नाही!" जसं काही श्री मीच काढले होते. मी त्या चौकटी काढून टाकल्या. तरी मशीन चुकायचं ते चुकायचंच. दहात चार-पाच आकडे ओळखायचं, बाकी ठोकून द्यायचं.

दुसरा गठ्ठा मी वडिलांकडे दिला. आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत हजेरी लिहायला होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि ते घरी बसले. हातचं काम गेलं तरी हातचं अक्षर कुठे जाणार? मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर. चाळीतली मनीऑर्डर, रेशनचा अर्ज, पोराच्या शाळेचा फॉर्म, लग्नपत्रिकेवरचे पत्ते, सगळं त्यांच्याकडे यायचं. कागद त्यांच्या हातात दिला की तो लिहून परत येणार, हा चाळीचा नियमच होता. घरात बसलेल्या माणसाला तेवढाच एक मान उरला होता. चाळीतल्या मुलांना आकडे गिरवायलाही त्यांनीच शिकवलेलं, मलासुद्धा. मी त्यांना म्हटलं, "बाबा, हे कागद चाळीत वाटाल का? प्रत्येकाचे आकडे हवेत." ते खुश झाले. पोरीच्या संशोधनात आपलाही हात लागणार.

आठवड्याभरात गठ्ठा परत आला. काही निळ्या शाईत, काही काळ्या, काही पेन्सिलीनं. एकाही कागदावर खाडाखोड नाही. आईनं घरं काळी केली, मी टाइप केलं, आणि मशीन एकदम शहाणं झालं. पाच म्हटलं की पाच, नऊ म्हटलं की नऊ. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास! तो पहिला कचरा फेकून दे. हाच डेटा ठेवायचा." लगेच कॉन्फरन्ससाठी पेपर लिहायला घेतला. पेपरवर आधी त्यांचं नाव आणि खाली माझं.

मीही हवेत होते, खोटं कशाला सांगू. पण एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. इंजिनिअरिंगची पोरं गबाळे आकडे लिहितात, आणि ज्या बायकांनी शाळा दारातूनच पाहिली त्यांचे आकडे पाठ्यपुस्तकात छापावेत असे? चाळीतल्या सगळ्यांचं वळण बाबांनी लावलेलं, म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. घरातलं अक्षर रोज डोळ्यांसमोर असतं, ते वेगळं दिसतच नाही. त्यात मी बघत होते नुसते शून्य आणि एक.

एका संध्याकाळी आईला गमतीनं विचारलं, "आई, यातला तुझा कागद कुठला गं? मशीन तुझे आकडे ओळखतंय का बघू."

आई मान वर न करता घरच्या मालवणीत म्हणाली, "मी खंय लिवलंय? ह्यांनीच लिवल्यानी. माझा, शेजारच्या काकूंचा, सगळ्यांचा."

मी हातातला कागद खाली ठेवला. "सगळ्यांचा म्हणजे?"

"सगळ्यांचा. माका वाटला, तुका म्हायत असा."

बाबा दारात बसून पेपर वाचत होते. मी ओरडलेच, "बाबा, हे सगळे आकडे तुम्ही लिहिलेत?"

त्यांना माझ्या आवाजाचं कारणच कळेना. "मगे? लोकांनीच माका सांगल्यानी, तुमीच लिवा म्हणान. आणि गो, मशिनीक शिकवूचा तर अक्षर चांगला नको? वाकड्या अक्षरान ती वाकडाच शिकतली." वर अभिमानानं म्हणाले, की सगळं एकसारखं दिसू नये म्हणून शेजाऱ्यांची पेनं मागून आणली होती.

मी भडकले. लोकांचं वाकडं अक्षरच तर हवं होतं! ज्या अक्षराची त्यांना लाज वाटत होती, तेच हवं होतं. आणि त्यातही आईचा कागद. घरात बसलेली आई, तिला दोन मिनिटं पेन धरू दिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? मी हे बोलले. जास्तच बोलले. शेवटी आई म्हणाली, "पुरे आता, जेवूक घे."

बाबांवरचा राग दोन दिवसांत उतरला. त्यांनी चाळीच्या रीतीप्रमाणे केलं होतं, आणि प्रेमानं केलं होतं. त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. ज्याला सगळं कळत होतं त्याच्यावरचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

मी सरांकडे गेले. एसीच्या खोलीत ते चहा पीत होते. मी सांगितलं, "सर, तो चाळीतला सगळा गठ्ठा एकाच माणसानं लिहिलाय. माझ्या वडिलांनी. आपल्या मशीनला मराठी आकडे येत नाहीत, फक्त माझ्या वडिलांचं अक्षर येतं."

सरांनी कप खाली ठेवला. क्षणभर चेहरा उतरला, ते मी पाहिलं. म्हणजे त्यांना कळलं होतं, पुरतं कळलं होतं. मग ते हसले. "वडिलांना थँक्स सांग माझ्याकडून."

"सर, मी नवीन आकडे आणते. एकेकासमोर उभी राहून लिहून घेते."

"आणि मशीननं परत माती खाल्ली तर?"

"तर तसं लिहू ना."

"असं लिहून कुणी पीएचडी देत नाही, बाळ." हे 'बाळ' मला कानाखाली बसल्यासारखं लागलं. "कॉन्फरन्स तोंडावर आलीय. कोण विचारणार आहे कुणाचं अक्षर आहे ते? आकड्याला काय नाव असतं?"

"मग माझं नाव काढा पेपरवरून."

"बघू," सर म्हणाले, आणि चहा उचलला.

पुढच्या महिन्यात कॉलेजात नव्या कॉम्प्युटर खोलीचं उद्घाटन होतं. टपाल खात्यातले एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते, आणि त्यांच्यासमोर आमचं मशीन दाखवायचं ठरलं. सर मला म्हणाले, "आईवडिलांना घेऊन ये. त्यांनाही बघू दे." मला वाटलं, माणसाला थोडी शरम वाटली असेल. किती बावळट होते मी!

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईनं ठेवणीतली साडी. दोघं पहिल्यांदाच माझ्या कॉलेजात आली होती. आई मोठ्या खुर्चीत अगदी कडेला टेकून बसली. मी स्टेजवर कीबोर्डपाशी. पाहुण्यांनी मोठ्या अक्षरात एक आकडा लिहायचा, मी तो घराघरानं आत भरायचा, आणि मशीननं ओळखायचा, असा कार्यक्रम. साहेबांनी झोकात नऊ काढला. त्याचं शेपूट लांबवर नेलं. मी नीट भरला. पडद्यावर आलं: एक.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांनी माइक उचलला. "सॉरी, आमची विद्यार्थिनी जरा घाबरलीय. टाइप करताना चुकलं तिचं." माझं चुकलं! मी एकही घर चुकले नव्हते. पण पुढचं ऐकून मी तो अपमानही विसरले. सर म्हणाले, "आपण एखाद्या सामान्य नागरिकाला बोलवू. तुम्ही, हो, तुम्ही काका, या ना वर."

ते बाबांना बोलवत होते.

बाबा बावरले, मग हसत, धोतर सावरावं तशी पँट वर ओढत स्टेजवर आले. त्यांनी पाच काढला. मशीन म्हणालं, पाच. त्यांनी नऊ काढला. मशीन म्हणालं, नऊ. टाळ्या पडल्या. बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते गिरणी बंद पडल्यापासून मी पाहिलं नव्हतं. आणि सर बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या बापाचं ते हसू त्यांनी वापरायला काढलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरांच्या हातातून माइक ओढला.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले. "या मशीनला शिकवलेले सगळे आकडे यांनी एकट्यानं लिहिलेत. म्हणून मशीन यांचेच आकडे ओळखतं. दुसऱ्या कुणाचे नाही."

मला वाटलं, झालं, आता वाट लागली. आणि मग सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. पहिल्यापेक्षा मोठ्या. साहेबांनी रुमालानं डोळे पुसले. म्हणाले, "आपल्या यशाचं सगळं श्रेय वडिलांना देणारी अशी मुलगी घरोघरी जन्मो." मी ओरडत होते, "नाही, तसं नाही म्हणत मी," पण माइक सरांकडे परत गेला होता, आणि ते सांगत होते, की ती जरा भावनावश झालीय. बाबांच्या हातात कुणीतरी नारळ दिला.

मी खरं बोलले, भरसभेत बोलले, आणि त्या लोकांनी त्याची पितृभक्ती करून टाकली. मला ढकलून दिलं असतं, तोंड दाबलं असतं, तर एवढा राग आला नसता.

घाटकोपरच्या बसमध्ये आई खिडकीशी, बाबा मांडीवर नारळ घेऊन माझ्या शेजारी. मग बाबांनी विचारलं, "त्या सायबाचो आकडो मशिनीन कित्याक वळखूक नाय?"

मी सगळं सांगितलं, अगदी सावकाश.

"म्हणजे ती फक्त माका वळखता."

"हो."

"आणि तुझ्या सरांक ह्यां म्हायत होतां?"

"हो, बाबा."

"तरी माका वर बोलावल्यान?"

मी नुसती मान हलवली. बाबा मुठी आवळून बसले. त्यांना शिव्या येत नव्हत्या असं नाही, गिरणीतला माणूस. पण त्या दिवशी एकही शिवी आली नाही. घरी गेल्यावर म्हणाले, हा नारळ घरात नको. आई म्हणाली, नारळाचा काय दोष, आणि वाटण केलं. त्या रात्रीची आमटी बाबांनी खाल्ली नाही.

मी पुन्हा कागद छापून घेतले. या खेपेस बाबा माझ्याबरोबर दारोदार आले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. काकू म्हणायच्या, "तुम्हीच लिहा ना भाऊ, माझं मेलं अक्षर..." आणि बाबा म्हणायचे, "नाय. तुमचाच होया." आईनं तिचा कागद एकटीनं बसून लिहिला. तिचा आठ उलटा होता. मशीननं या सगळ्या आकड्यांसमोर सपशेल हात टेकले. मी प्रोजेक्टमध्ये तसंच लिहिलं: मशीनला जमलं नाही, का जमलं नाही, आणि आधी कशामुळे जमल्यासारखं दिसलं. सरांनी त्यावर 'काम अपूर्ण' असा शेरा मारला आणि मला काठावर पास केलं. पुढे एम. टेक.ला जायचं होतं, त्यासाठी सरांचं शिफारसपत्र लागत होतं. ते मागायला गेले तेव्हा म्हणाले, "तुझ्यात संशोधनाची वृत्ती नाही."

निकालानंतर कॉन्फरन्सचा छापील पेपर पोस्टानं घरी आला. सरांनीच पाठवला होता. मी उघडला. जुना गठ्ठा, जुने आकडे, 'विविध स्तरांतील नागरिकांचे हस्ताक्षर' असं वर्णन. आणि सरांच्या नावाखाली माझं नाव. काढा म्हणून सांगितलेलं. पेपरवरून आपलं नाव गाळलं म्हणून लोक रडतात. माझं नाव या माणसानं मला न विचारता ठेवलं होतं, म्हणजे उद्या तोंड उघडलं तर मीही त्यातच.

बाबांनी पेपर मागून घेतला. त्यांना इंग्रजी फारसं यायचं नाही, पण माझं नाव त्यांनी शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"ह्यां खोटा मा?"

"खोटं आहे, बाबा. मी काढायला सांगितलं होतं."

त्यांनी पेपराची घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "नाव तुझा असा गो. हेचो जबाब तुकाच देवचो लागतलो."

मी त्याच दुपारी कॉन्फरन्सवाल्यांना पत्र लिहिलं. कुणाचं अक्षर, कसा प्रकार झाला, सरांना केव्हा सांगितलं, सगळं. त्याखाली सही केली. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं दुसरं पाठवलं, त्याचंही नाही. सर डॉक्टर झाले, पुढे विभागप्रमुख झाले. शिफारसपत्राशिवाय माझी एम. टेक. राहिली ती राहिलीच. मी अंधेरीच्याच सीप्झ औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. आणि आजही एखादा नवीन मुलगा आदरानं येऊन सांगतो, "मॅडम, मराठी आकड्यांवरचं तुमचं जुनं काम वाचलं, मी त्याच्याच पुढे करतोय." मग मी हातातलं काम बाजूला ठेवते, त्याला बसवते, आणि ते काम खोटं आहे हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. बरेचजण ऐकून घेतात. आणि जाताना म्हणतात, मॅडम किती विनयशील आहेत.